इनासने न वाचलेलं सातवं वाचन

इनास,

तुझ्या अंत्यविधीला पाच भाषणं झाली. ती तुला ऐकावी लागली नाहीत, एवढं एक तुझ्या मरणात बरं झालं. तुमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या धर्मग्राम मंडळाच्या उपाध्यक्षांनी तुला ‘नवजीवनाचा दीपस्तंभ’ म्हटलं. तुझ्या पंपाच्या खोलीतला बल्ब उडाला की तू तो सहा-सहा महिने बदलायचा नाहीस, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. चर्चच्या फाटकावर फ्लेक्स लावला होता. त्यावर तुझा फोटो होता, त्याच्याहून मोठा उपाध्यक्षांचा होता, आणि खाली वचन छापलं होतं, मी सर्व काही नवे करतो. लांबून येणाऱ्याला नेमकं कोण गेलंय ते कळायला अगदी फाटकापर्यंत यावं लागत होतं.

घरी परतल्यावर रोजी म्हणाली, “मास्तर, हे असते ना, तर दुसऱ्या भाषणालाच पाय मोकळे करून येतो सांगून बाहेर गेले असते.” एवढं बोलली आणि मग रडायला लागली. चाळीस वर्षं तुझ्याबरोबर संसार केलेली बायको. त्या पाच जणांपेक्षा तिला तुझ्याबद्दल बरंच जास्त ठाऊक होतं, पण तिच्या हातात कोणी माइक दिला नाही.

माझ्याही दिला नाही, आणि ते योग्यच झालं. देव न मानणाऱ्या हिंदू मास्तराने तुमच्या वेदीजवळ उभं राहून काय बोलायचं? पण तुला एक गोष्ट सांगायची होती, ती राहून गेली. ती सांगण्याआधी मी थोडा इकडेतिकडे भटकणार. शनिवारी आपलं बोलणं तसंच व्हायचं.

तीस वर्षं तू शनिवारी दुपारी चारला माझ्या ओटीवर येत होतास. रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तुझं वाचन असलं की कागद घेऊन, नसलं की नुसताच. हे कसं सुरू झालं ते त्या पाच वक्त्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. तू वाचक म्हणून नवा होतास आणि पहिल्याच महिन्यात तुझ्या वाट्याला बाबेलचा तो राजा आला, ज्याचं नाव उच्चारायला जीभ भाड्याने आणावी लागते. तू दोनदा अडखळलास आणि मग भर मिस्सात म्हणालास, “आणि तो राजा, ज्याचं नाव तुम्हां सगळ्यांना माहीतच हाय...” लोक हसले. फादर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी केळ्यांचा घड घेऊन तू कुंपण ओलांडून माझ्याकडे आलास.

“मास्तर, मला वाचायला शिकव.”

“तुला वाचता येतं की.”

“घरातलं येतं. देवाचं नाय येत.”

खरं होतं. घरी तुम्ही तुमची बोली बोलायचात आणि देव मात्र तुमच्याशी सदाशिव पेठेतून आल्यासारखा बोलायचा. मी तुला विराम कुठे घ्यायचा ते शिकवलं, जोडाक्षरं फोडून दाखवली. ‘पाणी’ मात्र तीस वर्षांत तुझ्या तोंडून आलं नाही. तू ‘पानी’च म्हणायचास. मी टोकलं की म्हणायचास, “देवाला कळतं. तुलाच कसं नाय कळत?”

अशा रीतीने, प्रार्थनेसाठी कधी चर्चची पायरी न चढलेल्या मी तुमचं सगळं बायबल हप्त्याहप्त्याने ऐकलं. उपाध्यक्षांपेक्षा मला ते नक्कीच जास्त येतं. अर्थात ही काही फार मोठी बढाई नाही.

त्यातली नवं होण्याची वचनं मला सगळ्यात जास्त खटकायची. ख्रिस्तात आलेला माणूस म्हणजे नवी निर्मिती, जुनं ते होऊन गेलं. बाहेरचा माणूस झिजतो पण आतला दिवसेंदिवस नवा होतो. देवाची वाट पाहणाऱ्यांना गरुडासारखे पंख फुटतात. मी तुला म्हणायचो, इनास, मी छत्तीस वर्षं शाळेत काढली. दर जूनमध्ये पोरं नव्याकोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर मोत्यासारखं अक्षर काढतात. गणपतीपर्यंत तेच कोंबडीचे पाय. माणूस नवा होत नाही, फार तर त्याचा चष्मा नवा होतो. तुमच्याकडे दर रविवारी आठशे माणसं नवी होऊन बाहेर पडतात आणि पार्किंगमध्ये एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार करतात.

“तू वचनांना पन मार्क देतो,” तू चिडायचास. “ही वचनं गोड नायत, मास्तर. लोक मलम लावल्यागत लावतात. मला तर टोचतात.”

“मग वाचतोस कशाला?”

“टोचतात म्हनून.”

मग मी तुझा एखादा उच्चार काढून दुरुस्त करायचो.

एक वचन मात्र तू वाचत नव्हतास, आणि त्याचा मला मनातून आनंद व्हायचा. तो आनंद काही चांगला नव्हता, हे आता लिहून टाकतो.

तुझ्या आणि आंतोनच्या वाडीच्या मधोमध तुमच्या बापजाद्यांचं बावखल होतं. बाहेरच्यांनी त्याला डबकं म्हणावं आणि आपण चिडावं, असं ते गोड्या पाण्याचं तळं. तुमची केळी, भाजी, नारळ सगळं त्याच्यावर. आंतोन तुझा थोरला भाऊ. त्याने आपला अर्धा भाग इमारतीसाठी दिला, आणि पाणी काही अर्धं करून देता येत नाही, म्हणून पूर्ण बावखल राडारोडा टाकून बुजवलं. तू त्या दिवशी चांदीपला बायकोच्या नात्यातल्या लग्नाला गेला होतास. संध्याकाळी परतलास तेव्हा पाण्याच्या जागी तुटक्या लाद्या, विटा आणि कोणाच्या तरी संडासाचं भांडं होतं. तू आंतोनशी बोलणं सोडलंस. एकोणीस वर्षं. एका चर्चमध्ये, एकाच मिस्साला, तो डावीकडे आणि तू उजवीकडे. शेजारच्यांना शांतीचं अभिवादन करायची वेळ आली की तू मागच्या बाकाकडे वळायचास.

ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत जुन्या करारातली सात वाचनं असतात. सातवं यहेज्केल संदेष्ट्याचं. मी तुमच्यावर शुद्ध पाणी शिंपडीन, तुमच्यातलं दगडाचं हृदय काढून मांसाचं हृदय देईन, असं देव त्यात म्हणतो. बावखल बुजलं त्या वर्षी हे वाचन तुझ्याकडे आलं होतं. शनिवारी तू कागद घेऊन आलास, एकदा मनात वाचलास आणि घडी करून खिशात घातलास.

“हे मी नाय वाचनार.”

“का?”

“आंतोन समोर बसलेला असनार. माझ्या छातीत दगड हाय आणि मी त्याला सांगू, देव दगड काढतो? खोटारडेपना होईल.”

“अरे, सगळेच वाचतात. वाचणाऱ्याने तसं असायला हवं असा नियम केला तर तुमच्याकडे उपासनेला आवाजच उरणार नाही.”

“सगळ्यांचं मला काय सांगतो?”

तू फादरना सांगून ते वाचन दुसऱ्याला द्यायला लावलंस. तेव्हापासून दर वर्षी ते उपाध्यक्ष वाचतात. इनास, त्या दिवशी बावखलात राडारोडा टाकायला आलेले डंपर कोणाचे होते, हे आपल्या सगळ्या गिरीज गावाला ठाऊक आहे. तोच माणूस सुरवार-कुर्ता घालून, एक हात छातीवर ठेवून, शुद्ध पाणी शिंपडण्याचं वचन मेघगर्जनेसारख्या आवाजात वाचतो, आणि त्याचा ‘ण’ अगदी निर्दोष असतो. त्याला कधीच काही टोचलं नाही. माझ्या मते धर्माचं जे काही व्हायचं आहे ते न मानणाऱ्यांमुळे होणार नाही, या न टोचणाऱ्यांमुळे होईल. तुझी चूक उलटी होती. देवाने एका अख्ख्या राष्ट्राला लिहिलेलं पत्र तू तुझ्या घरच्या पत्त्यावर आलंय असं समजून वाचायचास.

या चुकीवर माझं प्रेम होतं. पण त्यात माझा स्वार्थही होता. माणूस बदलत नाही, असं मी तुला तीस वर्षं सांगत होतो, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून तू होतास. इतका प्रामाणिक, इतका भाविक माणूस; तोसुद्धा सख्ख्या भावाला माफ करू शकत नाही. दर वर्षी ते वाचन तुझ्याशिवाय पार पडलं की मला माझा सिद्धांत पुन्हा सिद्ध झाल्यासारखं वाटायचं.

आता ती गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आंतोन माझ्याकडे आला होता. भर दुपारी, तू मोटारीचं काम करून घ्यायला पंपवाल्याकडे गेला असताना. ओटीवर टेकला, घाम पुसला. त्याला नुकतीच बायपास झाली होती.

“मास्तर, इनासला सांग ना. मला एकदा भेट म्हनावं.”

“तुला पाय आहेत, आंतोन. पन्नास पावलांवर त्याचं घर आहे.”

“पाय हायत. तोंड नाय.”

तो पाणी पिऊन गेला. मी तुला काही सांगितलं नाही. त्या शनिवारी नाही, पुढच्या नाही, नंतरच्या शंभर शनिवारी नाही. मला तो माणूस आवडत नाही. बुजवलेल्या बावखलावरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यासाठी बादल्या लावतो, यात मला न्याय दिसायचा. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. तुम्ही भेटला असतात, आणि काही झालं असतं, तर मी हरलो असतो. दुसऱ्याच्या ढोंगावर इतकी वर्षं हसणाऱ्या माणसाने हे केलं, आणि त्याच आठवड्यात मी तुला उपाध्यक्षांच्या दुटप्पीपणावर पाऊण तास व्याख्यान दिलं.

मग तुझी फुप्फुसं गेली. मागच्या दिवाळीनंतर मी तुला आचोळ्याला एक्स-रे काढायला घेऊन गेलो होतो, आठवतं? रिक्षा एका पाडलेल्या इमारतीपाशी अडकली. पत्र्याच्या कुंपणावर नव्या टॉवरचं चित्र, त्यात गोरीपान कुटुंबं, आणि त्यावर तुमचंच वचन, अध्याय-ओवीसकट: पाहा, मी सर्व काही नवे करतो. खाली बिल्डरचा मोबाइल नंबर. मी खूश झालो. इतका सुंदर मासला रोज मिळत नाही.

“बघ तुमचं वचन. पार्किंगसहित.”

तुला धाप लागली होती. तू रिक्षातून डोकं बाहेर काढून ते नीट वाचलंस.

“वचनात काय चूक नाय,” म्हणालास. “फक्त ‘मी’ कोन म्हनतो ते बघ. बिल्डर नाय म्हनत. मी पन नाय म्हनत. मला जमलं नसतंच ते. माझ्यानं होनार नाय, हेच त्यात लिवलंय. म्हनून तर झोप लागते.”

मी म्हटलं, ही तर पळवाट झाली. तू म्हणालास, “पळता येत नाय म्हनून तर रिक्षात बसलोय ना?” रिक्षावालाही हसला. तेव्हा तुझ्या नाकाला नळी लागायला दोन महिने होते.

तुमचा उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारानंतरच्या शनिवारी तू आलास तेव्हा कुंपण ओलांडायला तुला तीनदा थांबावं लागलं. बुधवारी कपाळाला लावलेली राख केव्हाच पुसली गेली होती, पण तोंड राखेच्याच रंगाचं होतं. बसलास आणि म्हणालास, “फादरकडून सातवं वाचन मागून घेतलंय.”

मी चरकलो. “आंतोनशी बोललास?”

“नाय.”

“मग?”

“आधी वाचन घेतलं. आता बोलायलाच लागेल.”

हा तुझा हिशेब. आधी शब्दात अडकायचं आणि मग शब्दाच्या मागे फरफटत जायचं. मी तेव्हा तुला काय म्हणालो ते मला स्पष्ट आठवतं. मी म्हणालो, “या वयात दगड काढायला देव नाही, सर्जन लागतो.” तू हसलास, खोकलास, आणि खोकला थांबेना तेव्हा मी आत पाणी आणायला गेलो. तेव्हाच सांगायला हवं होतं, आंतोन येऊन गेला म्हणून. पहिलं पाऊल तुला टाकावंच लागणार नव्हतं, ते त्याने आधीच टाकलेलं होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन आलो आणि तो तुझ्या हातात दिला. दुसरं काही दिलं नाही.

ईस्टरआधीच्या, पाय धुण्याच्या गुरुवारी तू आंतोनकडे तीन मजले चढलास. लिफ्ट बंद होती. रोजीने मागून खुर्ची नेली, प्रत्येक वळणावर तुला बसवलं. परतल्यावर तिने मला हाक मारली आणि मी कुंपणापाशी आलो. तू पायरीवर बसला होतास.

“काय झालं?”

“भांडलो.”

“झालं! मी म्हटलं नव्हतं?”

“दीड तास भांडलो, मास्तर. बावखलावरून, आवयच्या दुखन्यावरून, लहानपनी त्यानं माझा भोवरा घेतलेला त्याच्यावरून पन. एकोनीस वर्सांनी भांडलो.” तुला श्वास पुरत नव्हता आणि तरी तू हसत होतास. “मंग त्याच्या बायकोनं जेवाला वाढलं.”

मला सांगायला हवं, त्या क्षणी मला तुझा राग आला. कुठल्याही दिव्य प्रकाशाशिवाय, मिठ्या न मारता, भोवऱ्यावरून भांडून तू माझा पुरावा मोडून टाकला होतास.

शनिवारी तू शेवटच्या तालमीला आलास. तू कागद उघडतोस तोच फोन वाजला. उपाध्यक्षांचा माणूस होता. वेदीच्या नूतनीकरणाचं अनावरण आणि दात्यांचा सत्कार असल्यामुळे सात वाचनांऐवजी तीनच होणार होती. पहिलं, तिसरं आणि पाचवं. सातवं गाळलं होतं. नवं हृदय देण्याचं वचन नव्या संगमरवरासाठी जागा करून देण्यासाठी बाजूला सरकलं. विनोद मला कळला, पण मी हसलो नाही. तुझ्यासाठी मला इतका राग आला की मी त्या माणसाला फोनवर दोन शब्द सुनावायला हात पुढे केला. तू फोन बंद करून खिशात टाकलास.

“जाऊ दे. आता तुलाच वाचून दाखवतो.”

मी म्हटलं, बसून वाच. तू उभा राहिलास. नळी सावरलीस आणि माझ्या रिकाम्या ओटीवर, भरल्या चर्चला वाचावं तसं, एका वाक्याला तीन-तीन श्वास घेत ते सगळं वाचलंस. ‘मी तुमच्यावर शुद्ध पानी’ आलं आणि मी सवयीने म्हणालो, “पाणी.” तू थांबलास, माझ्याकडे पाहिलंस, आणि पुढे गेलास. संपल्यावर कागद माझ्या टेबलावर ठेवलास. “माझं काम झालं,” म्हणालास. मला वाटलं, वाचनाचं म्हणतोयस.

त्यानंतर तू सहा आठवडे जगलास. पुढच्या शनिवारांना आपण क्रिकेटवर आणि गवारीच्या भावावर बोललो. मी सांगणार होतो, दर शनिवारी सांगणार होतो.

तुझ्या सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर आंतोन फाटकापाशी उभा होता. तो फ्लेक्स अजून होता, एका बाजूने सुटून फडफडत होता. मी त्याला टाळून निघालो होतो. त्यानेच हाक मारली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “गुरुवारी तुम्ही भेटलात, बरं झालं.”

“दोन वर्सं आधी भेटलो असतो तर,” तो म्हणाला. “मी त्याला तेच विचारलं, मास्तरकडून निरोप पाठवलेला, आला का नाय? तर तो गप.”

मी फ्लेक्सची सुटलेली दोरी धरून ठेवली.

“चहा पीत होता. तो संपवला. मंग म्हनाला, मास्तरला यातलं काय बोलू नको हां. त्याला मेल्यासारखं व्हईल.”

म्हणजे तुला गुरुवारी कळलं होतं. कुंपणापाशी मी ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणालो तेव्हा तुला ठाऊक होतं. शनिवारी तू कागद हातात घेऊन उभा राहिलास तेव्हा ठाऊक होतं. त्यानंतरच्या सगळ्या क्रिकेटमध्ये आणि गवारीत ठाऊक होतं.

आता कोणी म्हणेल की ते वाचन तू माझ्यासाठी केलंस. उपाध्यक्षांना हे कळलं तर त्याचं सहावं भाषण होईल. मी तसं म्हणणार नाही. त्याबद्दल तू काही बोलला नाहीस, आणि तू न बोललेलं तुझ्या तोंडी घालण्याचा धंदा मी इतरांवर सोडतो. मला एवढंच कळतं की एकोणीस वर्षं भावाशी न बोलणारा, रागाला चुलीतल्या निखाऱ्यासारखा जपणारा इनास मला माहीत होता. सहा आठवडे माझ्या ओटीवर येऊन चहा पीत होता तो मला माहीत नव्हता. आणि मी त्याचे उच्चार सुधारत होतो.

मी अजूनही देव मानत नाही. नव्या हृदयाचं प्रकरण मला आजही पटलेलं नाही. मार्क द्यायचेच तर काठावर पास करीन, तेही तुझ्या तोंडाकडे पाहून. पण तुझा अपमान होईल असं एक काम मात्र आता मला करता येत नाही, आणि ते म्हणजे गप्प बसणं. काल मी आंतोनला शनिवारी दुपारी ओटीवर बोलावलं. तो येतो म्हणालाय. मला तो माणूस अजूनही मुळीच आवडत नाही. निरोप मी दाबला, मुद्दाम दाबला, दोन वर्षं तुमची मी खाल्ली, हे त्याला माझ्या तोंडाने सांगायचं आहे. सकाळपासून पहिलं वाक्य जुळवतो आहे. तुझा कागद समोर ठेवून पाहिला. दगड काढण्याचं त्यात आहे, मांसाचं बसवण्याचं आहे. त्यानंतर समोरच्याशी काय बोलायचं, ते तुमच्या त्या संदेष्ट्याने कुठेही लिहिलेलं नाही.